एफजीएफ-२१ वाढलेले, मग ट्रायग्लिसराइडही वाढलेले कसे?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ४१० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, सोनोग्राफीत यकृतात चरबी, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप) ६.१ टक्के, आणि तपासण्यांच्या एका मोठ्या संचात सोबतीने आलेल्या एफजीएफ-२१ या घटकाची पातळी नेहमीपेक्षा जास्त. हाच घटक रक्तातली चरबी उतरवतो असे आपल्या वाचनात आले. मग तो भरपूर असताना चरबी का उतरली नाही, तो आणखी वाढावा म्हणून दीर्घ उपवास किंवा पूरक गोळ्या घ्याव्यात का, आणि त्याची इंजेक्शने उपलब्ध आहेत का, असे आपण विचारले आहे. आधी थोडक्यात उत्तर देतो. आपल्या रक्तात वाढलेले एफजीएफ-२१ ही यकृताने ताणाखाली दिलेली हाक आहे. हाक मोठी करून ताण कमी होत नाही, म्हणून उपवास आणि गोळ्या या दोन्हींना माझे उत्तर नकारार्थी आहे. इंजेक्शनांची गोष्ट वेगळी आहे आणि ती का वेगळी, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एफजीएफ म्हणजे फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर, अर्थात संयोजी ऊतींमधल्या पेशींची वाढ घडवणारा वृद्धिघटक. १९७०च्या दशकात गाईच्या पीयूष ग्रंथीच्या अर्कातून या कुटुंबातला पहिला घटक वेगळा केला गेला, तेव्हा पेशींचे विभाजन वाढवणे एवढीच त्याची ओळख होती. पुढे माणसात या कुटुंबातली एकूण २२ प्रथिने सापडली आणि त्यांतल्या काहींचा पेशींच्या वाढीशी फारसा संबंध नाही हे लक्षात आले, पण नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. बहुतेक एफजीएफ जिथे तयार होतात तिथेच काम करतात, कारण पेशींभोवतीच्या हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या जाळ्याला ते घट्ट धरून राहतात. एफजीएफ-१९, एफजीएफ-२१ आणि एफजीएफ-२३ या तिघांची ही पकड मात्र फार सैल आहे. त्यामुळे ते जाळ्यातून सुटतात, रक्तात मिसळतात आणि दूरच्या अवयवांपर्यंत पोचतात, म्हणजेच संप्रेरकांसारखे वागतात.

पकड सैल असण्याची किंमतही त्यांना मोजावी लागते. पेशीवरच्या ग्राही प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला, ते एकटे नीट जोडले जात नाहीत. सोबत क्लोथो कुळातले एक साहाय्यक प्रथिन लागते. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी पहिल्या क्लोथो जनुकाचे वर्णन केले आणि आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेचे नाव त्याला दिले. एफजीएफ-१९ आणि २१ यांना बीटा-क्लोथो लागतो, तर २३ ला अल्फा-क्लोथो. बीटा-क्लोथो प्रामुख्याने यकृत, मेदऊती, स्वादुपिंड आणि मेंदूच्या काही भागांत असतो. तेव्हा हा घटक रक्तातून सगळीकडे फिरला तरी त्याचे म्हणणे ऐकू येते ते याच मोजक्या ठिकाणी, आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या ऐकण्याच्या क्षमतेतच आहे.

एफजीएफ-२१ चे जनुक क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० मध्ये नोंदवले. पाच वर्षांनी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत असे दिसले की हे प्रथिन मेदपेशींमध्ये ग्लुकोजचे शोषण वाढवते, आणि लठ्ठ, मधुमेही उंदरांना ते टोचल्यास त्यांची साखर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही उतरतात. २००७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की उपवासात उंदराचे यकृत पीपीएआर-अल्फा या नियंत्रकाच्या हुकमाने एफजीएफ-२१ सोडते. तेव्हापासून 'उपवासाचे संप्रेरक' हे बिरुद त्याला मिळाले, आणि आपल्याला पडलेला उपवासाचा मोह बहुधा तिथूनच आला आहे.

माणसाच्या बाबतीत चित्र बरेच निराळे आहे. एक-दोन दिवसांच्या उपवासाने माणसात एफजीएफ-२१ उल्लेखनीय वाढत नाही. ते वाढताना दिसते ते सात ते दहा दिवसांच्या संपूर्ण उपवासानंतर, म्हणजे शरीराने चरबीतून बनणारे कीटोन हे इंधन वापरायला सुरुवात करून बरेच दिवस उलटल्यावर. याउलट ७५ ग्रॅम फ्रुक्टोज प्यायला दिल्यास दोन तासांत पातळी तिपटीहून अधिक चढल्याचे नोंदले गेले आहे. मद्यानेही ती झपाट्याने चढते. आहारातले प्रथिन फार कमी केले तरी चढते, आणि पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, काही आनुवंशिक आजारांत तर ती इतकी चढते की निदानासाठी तिचा उपयोग केला गेला आहे. उपवास, साखर, मद्य आणि प्रथिनांची कमतरता यांत वरवर काहीच समान नाही. पण यकृताच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक प्रसंगी त्याला नेहमीच्या घडीपेक्षा वेगळे इंधन हाताळावे लागते आणि ते तसे कळवते. गोडाची आणि मद्याची ओढ कमी करण्यासाठी मेंदूला जाणारा निरोप हेही या घटकाचे एक काम असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसते, आणि माणसात या जनुकातल्या एका सामान्य भेदाचा गोड खाण्याच्या आवडीशी संबंध आढळला आहे. म्हणून उपाशीपोटी एकदाच मोजलेल्या आकड्यावरून तो कशामुळे वाढला हे सांगता येत नाही.

आता हा घटक चरबी उतरवतो म्हणजे नेमके काय करतो ते पाहू. रक्तातले ट्रायग्लिसराइड दोन वाटांनी येतात: जेवणातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांत भरून येते, आणि यकृत स्वतः तयार केलेली चरबी व्हीएलडीएल कणांत भरून सोडते. दोन्ही प्रकारचे कण मेदऊती आणि स्नायूंच्या केशवाहिन्यांतून जाताना तिथल्या भिंतीवरचे लिपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) त्यांतले ट्रायग्लिसराइड फोडते आणि सुटलेली मेदाम्ले आत घेतली जातात. म्हणजे रक्तातला आकडा आवक आणि जावक यांच्या फरकावर ठरतो. उंदरांवरील प्रयोगांनुसार टोचलेल्या एफजीएफ-२१ चा मुख्य परिणाम जावकीवर होतो: पांढऱ्या आणि तपकिरी मेदऊती हे कण अधिक वेगाने उचलतात. त्याबरोबर मेदऊतींतून ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक अधिक स्रवते, इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, मेदपेशींतून अवेळी सुटणारी मेदाम्ले घटतात, आणि त्यामुळे यकृताकडे जाणारा कच्चा माल कमी होऊन काही आठवड्यांत आवकही मंदावते. रक्तातली चरबी अशा प्रकारे यकृतात न ढकलली जाता जिथे साठायला हवी तिथे, म्हणजे मेदऊतीत, जाते. या घटकात औषध म्हणून लोकांना रस वाटला तो मुख्यतः याच कारणाने.

मग आपल्या शरीरात तो असूनही हे का घडत नाही? लठ्ठपणा, यकृतातली चरबी, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि टाईप-२ मधुमेह या सर्वांत एफजीएफ-२१ वाढलेलेच सापडते, हे आता निर्विवाद आहे. लठ्ठ उंदरांवरील प्रयोगांत मेदऊतीतील बीटा-क्लोथोचे प्रमाण घटलेले आणि टोचलेल्या घटकाला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला दिसला. त्यावरून इन्सुलिन-रोधासारखा (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणे) 'एफजीएफ-२१-रोध' ही कल्पना पुढे आली. ती मला अर्धीच पटते. रोध खरोखर पक्का असता तर बाहेरून मोठी मात्रा देऊनही काही झाले नसते. पण तशी मात्रा दिली की लठ्ठ प्राण्यांत आणि माणसांतही ट्रायग्लिसराइड ठळकपणे उतरतात. माझ्या मते अधिक नेमके वर्णन असे आहे की ऐकणारा अवयव थोडा बहिरा झाला आहे, आणि सांगणाऱ्या यकृताचा आवाज वाढला असला तरी तो औषधी मात्रेच्या मानाने क्षीणच आहे. शिवाय शरीरातले मूळ प्रथिन फार टिकत नाही: रक्तातले एक विकर त्याचे शेपूट तोडते, आणि बीटा-क्लोथोला पकडायला तेच शेपूट लागते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्मे होण्याचा वेळ, तास-दोन तासांपलीकडे जात नाही. प्रयोगशाळेच्या बऱ्याच चाचण्या अखंड आणि तुटलेला असे दोन्ही प्रकार एकत्र मोजतात, त्यामुळे अहवालातला आकडा मोठा दिसला तरी त्यातला कामाचा वाटा किती हे कळत नाही.

याच कुटुंबातल्या एफजीएफ-१९ बद्दल आपण विचारले नाही, पण आपल्या औषधांच्या निवडीशी त्याचा थेट संबंध असल्यामुळे त्यावर थोडे थांबतो. जेवणानंतर पित्ताशयातून आतड्यात आलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषली जातात. शोषली जाताना ती तिथल्या पेशींतला एफएक्सआर हा नियंत्रक जागा करतात, आणि त्या पेशी एफजीएफ-१९ यकृताकडे पाठवतात. निरोप असा, की पित्ताम्ले पुरेशी आहेत, आता नवी करू नका. यकृत मग कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवणाऱ्या मार्गाचे पहिले विकर बंद करते. कोलेस्टेरॉल शरीराबाहेर काढण्याचा हा एक मोठा मार्ग असल्याने तो बंद होणे म्हणजे यकृतात कोलेस्टेरॉल साचणे, आणि ते साचले की यकृत रक्तातून एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारे कण, उचलणे कमी करते.

ही साखळी डोक्यात ठेवली की अनेक विखुरलेल्या गोष्टींचा अर्थ लागतो. कोलेस्टिरामाइनसारखी पित्ताम्ले बांधून ठेवणारी जुनी औषधे शोषण अडवतात, एफजीएफ-१९ खाली येते, यकृत कोलेस्टेरॉल खर्च करू लागते आणि एलडीएल उतरते. पण एफजीएफ-१९ चा ब्रेक निघाल्यामुळे यकृतातून व्हीएलडीएल अधिक सुटते आणि ट्रायग्लिसराइड चढतात. आपला आकडा ४१० असताना कोणी केवळ एलडीएलसाठी ही औषधे सुचवली, तर ती घेऊ नयेत. उलट बाजूने, यकृताच्या आजारासाठी एफजीएफ-१९ ची सुधारित आवृत्ती रुग्णांना दिली तेव्हा यकृतातली चरबी घटली, परंतु एलडीएल वाढले आणि ते आवरायला स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध द्यावे लागले. मूळ एफजीएफ-१९ जास्त प्रमाणात बनवणाऱ्या उंदरांना यकृताचा कर्करोग होतो हे २००२ मध्येच दिसले होते, म्हणून ही आवृत्ती तो गुण काढून टाकूनच तयार केलेली होती. वृद्धिघटक हे नाव अशा वेळी आठवावे लागते. एका कुटुंबातले दोन भाऊ, एकच साहाय्यक प्रथिन वापरणारे, आणि एकामुळे एलडीएल वाढते तर दुसऱ्यामुळे थोडे उतरते. यांना सरसकट 'चरबी घटवणारी संप्रेरके' म्हणणाऱ्या लेखांवर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही.

तिसरा भाऊ, एफजीएफ-२३, हाडांतून स्रवतो आणि मूत्रपिंडाद्वारे फॉस्फेट व ड जीवनसत्त्वाचा समतोल राखतो. चरबीशी त्याचा थेट व्यवहार नाही. इन्सुलिनसदृश वृद्धिघटक, म्हणजे आयजीएफ-१, हा मात्र नेहमी विचारला जाणारा विषय आहे. वाढीचे संप्रेरक मेदपेशींतून चरबी मोकळी करते आणि त्याच्याच आदेशाने यकृतात बनणारा आयजीएफ-१ बऱ्याच अंशी इन्सुलिनसारखा वागतो, म्हणजे एकाच अक्षावरचे दोन घटक परस्परविरोधी दिशांना ओढतात. प्रौढपणी या संप्रेरकाची कमतरता असल्यास पोटाची चरबी आणि एलडीएल वाढते. ते अति झाल्यास, ॲक्रोमेगाली या आजारात, इन्सुलिन-रोध येतो आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. पण आपल्या अहवालात या आजारांकडे बोट दाखवणारे काही नसल्याने या तपासण्यांचा खर्च करू नये.

आता इंजेक्शनांविषयी. मूळ प्रथिन टिकत नसल्याने कंपन्यांनी आधी त्याची रचना थोडी बदलली, आणि पुढे त्याला मोठा रेणू जोडून वगैरे ते आठवडा-दोन आठवडे पुरेल असे केले. रचना बदललेल्या, पण रोज टोचाव्या लागणाऱ्या पहिल्या औषधाची मानवी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली: लठ्ठ मधुमेही रुग्णांना २८ दिवस ते टोचल्यावर ट्रायग्लिसराइड चांगलेच उतरले, पण ज्या साखरेसाठी हे सारे सुरू केले होते ती उल्लेखनीय उतरली नाही. उंदरावरून माणसावर उडी घेताना काय हाती लागते आणि काय निसटते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. २०२३ मध्ये पेगोझाफर्मिन या औषधाच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत, ज्यांचे ट्रायग्लिसराइड ५०० ते २००० यांच्या दरम्यान होते अशा ८५ जणांत, औषध घेणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइड सुमारे ५७ टक्क्यांनी घटले, तर नकली इंजेक्शन घेणाऱ्यांचे १२ टक्क्यांनी. यकृतातील चरबी, दाह आणि तंतुमयता (व्रणासारखे कठीण तंतू साचणे) यांवर हे औषध आणि एफ्रुक्सिफर्मिन हे दुसरे औषध यांचे निकाल आशादायक आहेत. परंतु याच वर्गातले पेगबेलफर्मिन यकृताच्या चाचण्यांत अपेक्षित परिणाम न दाखवता मागे पडले, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत यांपैकी एकालाही नियमित वापराची मान्यता मिळालेली नव्हती. मळमळ, जुलाब आणि काही जणांत भूक वाढणे हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. दीर्घ वापरात हाडांचे काय होते याकडे लक्ष ठेवावे लागते, कारण एफजीएफ-२१ जास्त असलेल्या उंदरांची हाडे विरळ झालेली दिसली होती. असे उंदीर दीर्घायुषी असतात हेही खरे आहे. त्या बातमीचा मथळा मोठा होता, हाडांचा उल्लेख मात्र क्वचितच झाला.

आणखी एक सावधगिरी. ट्रायग्लिसराइड उतरले म्हणजे हृदय सुरक्षित झाले, असे गृहीत धरता येत नाही. पेमाफायब्रेट हे औषध पीपीएआर-अल्फा, म्हणजे एफजीएफ-२१ सोडायला लावणारा तोच नियंत्रक, जागे करते. दहा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांवरील त्याच्या मोठ्या चाचणीत ट्रायग्लिसराइड सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले, तरी हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या घटना कमी झाल्या नाहीत, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. त्या रुग्णांत एपोबी, म्हणजे धमन्यांत शिरू शकणाऱ्या कणांची एकूण संख्या सांगणारे प्रथिन, कमी झालेच नव्हते. किंचित वाढलेच होते. कणांतला माल कमी झाला, कण तेवढेच राहिले. म्हणून मी ट्रायग्लिसराइडच्या शेजारी नेहमी एपोबी, आणि ते उपलब्ध नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलेला आकडा पाहतो. नवी इंजेक्शने उद्या मान्य झाली तरी त्यांना याच मापाने मोजावे लागेल.

आपल्यापुरते सांगायचे तर, १५० च्या खालचा आकडा सामान्य, २०० ते ४९९ वाढलेला आणि ५०० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो. १००० ओलांडल्यावर तो धोका तातडीचा होतो. आपण सध्या मधल्या टप्प्यात आहात, त्यामुळे घाई नाही, पण चालढकलही नको. बारा तासांच्या उपवासानंतर तपासणी पुन्हा करावी आणि त्याआधी निदान तीन दिवस मद्य टाळावे. थायरॉईड, मूत्रपिंडाचे कार्य आणि लघवीतले प्रथिन पाहावे. स्टेरॉइड, इस्ट्रोजेन, मुरुमांसाठीची रेटिनॉइड औषधे, काही मनोविकारांवरील औषधे आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या ट्रायग्लिसराइड वाढवतात, म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवावी. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. यकृतात तंतुमयता किती आहे याचा अंदाज वय, दोन यकृत-विकरे आणि प्लेटलेट यांवरून काढलेल्या साध्या गणिताने मिळतो आणि गरज पडल्यास यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या इलास्टोग्राफीने पक्का होतो. आपल्या यकृताचे पुढे काय होईल हे एफजीएफ-२१ पेक्षा या तपासण्यांवरून कितीतरी जास्त कळते.

उपचारात पहिली जागा गोड पेयांची आणि मद्याची आहे, आणि हे उपदेश म्हणून सांगत नाही: फ्रुक्टोज आणि मद्य यकृतातली चरबी वाढवतात, म्हणजे ते टाळून आपण आवकीचा नळच बंद करतो. वजन पाच ते दहा टक्क्यांनी घटल्यास ट्रायग्लिसराइड साधारण पाचव्या भागाने उतरतात आणि यकृतातली चरबी त्याहून अधिक प्रमाणात. स्टॅटिन घ्यायचे की नाही हे वय, रक्तदाब, धूम्रपान, कुटुंबातला हृदयविकार आणि एपोबी पाहून ठरते. दहा-दहा दिवसांचे उपवास करून एफजीएफ-२१ चढेल खरे, पण तोवर स्नायूही झिजलेले असतील. 'एफजीएफ-२१ वाढवणाऱ्या' गोळ्यांबद्दल एवढेच सांगतो, की हे प्रथिन पोटात गेल्यास इतर प्रथिनांसारखे पचून जाते, आणि एखाद्या गोळीने ते यकृतातून खरोखर जास्त सुटलेच, तर ते आधीच ताणाखाली असलेल्या यकृताला आणखी ताण देऊनही सुटलेले असू शकते.

या बदलांनंतर आठ ते बारा आठवड्यांनी लिपिड, यकृताची विकरे आणि एचबीए१सी पुन्हा पाहावे. ट्रायग्लिसराइड त्या वेळीही ४०० च्या आसपासच असतील तर औषधाचा विचार करू. मधल्या काळात पोटाच्या वरच्या भागात सतत, पाठीकडे जाणारी तीव्र कळ आल्यास मात्र पुढच्या तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे. त्या पुढच्या तपासणीच्या यादीतून एफजीएफ-२१ काढून टाकावे.